दुसरा दांडा

रविवार, १७ एप्रिल. चाकाच्या खड्ड्यात उतरलेली माणसे : एक. जिवंत वर आलेली : एकही नाही.

गेला तो पाणचक्कीचा चक्कीवाला. त्याच्या बायकोला सगळे काकी म्हणत, आणि तो गेल्यावरही तेच म्हणतात. चक्की काही शतके जुनी आहे, पण नुसती जपून ठेवलेली नाही, चालती आहे. नदीतून काढलेल्या पाटाचे पाणी लाकडी चाकावर पडते, दातेरी चाकांतून ती गती वरच्या खोलीतल्या दगडापर्यंत पोचते आणि खरोखरचे पीठ खाली पडते. जुन्या वास्तू जतन करणाऱ्या एका संस्थेकडे तिचा ताबा आहे. दर रविवारी पाहुणे येतात.

पाटाच्या तोंडाशी झडप आहे. ती उचलायची तर एक लोखंडी दांडा तिच्या खाचेत बसवून फिरवावा लागतो. चक्कीवाल्यांच्या घराण्यात यासंबंधी एकच नियम चालत आला : खड्ड्यात जो उतरेल त्याने दांडा कमरेला खोचून उतरायचे. दांडा एकच असल्यामुळे वरच्याच्या मनात आले तरी त्याला पाणी सोडता येत नसे. या नियमाने कोणावरच भरवसा ठेवला नव्हता, मालकावर नाही आणि सख्ख्या भावावरही नाही. म्हणून तर तो टिकला, आणि त्याच्याबरोबर माणसेही टिकली.

संस्थेने दुसरा दांडा करून घेतला. पाहुण्यांना झडप स्वतःच्या हाताने उघडण्याचा आनंद मिळावा, हा हेतू. आणि हेतूला नावे ठेवता येत नाहीत. दांडा भिंतीवरच्या खिळ्याला टांगला, वर पाटी लावली : ‘फिरवून पाहा’. चक्कीवाल्याने हरकत घेतली तेव्हा व्यवस्थापक हसले आणि म्हणाले, आम्ही काय तुमच्या जिवावर उठलोय का?

त्या रविवारी एका गृहस्थाने आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन दांडा फिरवला. काकी त्याला दोष देत नाहीत. पाटीवर जे लिहिले होते तेच त्याने केले. नवऱ्याला वर काढले तेव्हा जुना दांडा त्याच्या कमरेलाच होता. चौकशीच्या अहवालात मात्र कारण लिहिले गेले : ‘मृताचा निष्काळजीपणा’. खाली उतरत असल्याचे त्याने कार्यालयात कळवले नव्हते, हा या निष्कर्षाचा आधार.

दुसरा दांडा काही दिवस दिसेनासा झाला आणि मग काचेच्या कपाटात परत आला. कपाटाची किल्ली कपाटालाच असते.

चक्कीमागच्या दोन खोल्या कामाबरोबर मिळतात आणि कामाबरोबर जातात. म्हणून काकींनी पाहुण्यांना माहिती सांगण्याचे काम पत्करले. ज्या फळ्यांवर नवऱ्याला आणून निजवले होते, त्याच फळ्यांवर उभे राहून त्या चक्कीची कथा सांगत. एका दांड्याचा नियम त्यांनी सांगावा, अपघात सांगू नये, अशी सूचना होती. नियम पाहुण्यांना फार आवडे. पूर्वीची माणसे किती हुशार होती, असे ते म्हणत. काकी मान डोलावत.

चक्की आता गावात राहणारा त्यांचा दीर चालवतो. काकींचे मागणे एकच होते : तो दुसरा दांडा इथून न्या. त्यांनी ते सांगितले, मग विनवले, मग व्यवस्थापकांच्या दारात नुसत्या जाऊन उभ्या राहू लागल्या. दरवेळी त्यांना बसायला खुर्ची मिळाली.

पुढच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी चाकात फांदी अडकली. दिराने करवत घेतली, दांडा कमरेला खोचला आणि सांगून गेला, की वहिनी, तेवढा वेळ लोकांना आमच्या पणजोबांच्या गोष्टींना बांधून ठेवा. काकींनी नेहमीप्रमाणे आपले स्टूल कपाटासमोर ओढले. दीर खाली असला की त्या तिथेच बसून बोलत.

तेवढ्यात व्यवस्थापक आले. बरोबर मुख्य कार्यालयातली चार माणसे होती आणि त्यांना परतायची घाई होती. चाक का थांबले, असे त्यांनी विचारले. भाऊजी खाली आहेत, काकी म्हणाल्या. व्यवस्थापकांनी खड्ड्याच्या तोंडाशी वाकून हाक मारली. झडपेच्या फटींतून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजापुढे वरची हाक खाली पोचत नाही आणि खालची वर येत नाही. उत्तर आले नाही.

“गेला असेल चहाला,” ते म्हणाले. “काकी, सरका जरा.”

काकी सरकल्या नाहीत. व्यवस्थापकांनी त्यांच्या खांद्यावरून हात घालून किल्ली फिरवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, “पाहुण्यांसमोर शोभा करू नका. घराचा तरी विचार करा.”

काकी उठल्या. त्यांनी कपाटाचे दार उघडून दांडा स्वतःच काढला आणि कमरेला खोचला.

“उतरणाऱ्याने दांडा न्यायचा असतो,” त्या म्हणाल्या. “आता मी उतरतेय.”

शिडी निसरडी होती. आठ महिन्यांत त्या खड्ड्याकडे त्यांनी पाहिलेही नव्हते. खाली दीर गुडघाभर पाण्यात, चाकाच्या दोन फळ्यांमध्ये वाकून फांदी कापत होता. तो चहाला गेला नव्हता.

“वहिनी, तुम्ही इथे? वर कोण सांभाळतंय?”

“वर सांभाळण्यासारखं काही ठेवलं नाही.” त्यांनी त्याला कमरेचा दांडा दाखवला. “दोन्ही इथे आहेत. सावकाश कापा.”

त्याने दांड्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. तो कापत राहिला आणि काकी भिंतीला पाठ लावून, गार पाण्यात, शेवटची फळी मोकळी होईपर्यंत उभ्या राहिल्या. ते वर आले तेव्हा पाहुणे निघून गेले होते.

मंगळवारी दीर आणि जाऊ काकींकडे आलेले असताना व्यवस्थापक घरी आले. ते सौम्यपणे बोलले. काकींचे काम संपले होते. खोल्या महिनाअखेरीस मोकळ्या करायच्या होत्या. दिराला मात्र ठेवणार होते, कारण चाक दुसऱ्या कोणाला कळत नाही. मीही सोडतो, असे दीर म्हणाला. त्याच्या बायकोने मांडीवरच्या लेकराला थोपटणे थांबवले. काकींनी तिच्याकडे पाहिले आणि दिराला गप्प केले.

दुसरा दांडा काकींनी परत दिला नाही. कपड्यांच्या गाठोड्यात घालून त्या तो बहिणीकडे घेऊन गेल्या. दोन रविवारांनी दिराचा निरोप आला, की कपाटात नवा दांडा आहे आणि काळजी करू नका, मी कपाटाची किल्लीही खिशात घालून उतरतो. दुसरी किल्ली कार्यालयात असते, हे त्याने कळवले नाही. काकींना ते ठाऊक होते.

अहवालातले वाक्य बदललेले नाही. चक्कीवाल्याने कोणतीही चूक केली नव्हती, एवढे एक लेखी वाक्य संस्था त्याला देणे लागते. ते देणे फिटलेले नाही.