बीजींच्या स्वयंपाकघरातले फोन

विमानतळावर निघताना आई दोन गोष्टी म्हणाली. पोहोचल्यावर आधी फोन कर, ही पहिली. दुसरी माझ्या नवऱ्याकडे, समीरकडे बघून, डोळे पुसता पुसता: "तिकडे एक बरं आहे. चारचौघांत भांडलात तरी कुणाला कळायचं नाही."

इंग्लंडमध्ये रीडिंगला आल्यावर तिची ही गंमत आमची सवय झाली. ट्रेनमध्ये, डॉक्टरकडे, दुकानातल्या रांगेत आम्ही मराठीत वाटेल ते बोलायचो. समोरच्याचं नाक, त्याचा कोट, त्याची बायको. जे इकडे आले आहेत त्यांना हे सांगायला नको. जे तिकडे राहिले त्यांना सांगते आहे, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

बीजी आमच्या शेजारच्या. अठराव्या वर्षी लग्न होऊन या देशात आल्या, बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंगला उभ्या राहिल्या, मुलगा वाढवला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शीख, म्हणजे पंजाबच्या, असं आम्ही धरून चाललो. माझ्याशी त्या पंजाबी वळणाच्या हिंदीत बोलत. भाकरी हातावर थापायच्या, ती मी मक्याची समजायचे. एकदा खाल्ली तेव्हा ज्वारीची निघाली. दुकानात मका मिळाला नसेल, असं मला वाटलं.

माझी मुलगी ईरा पाच महिन्यांची असताना मला कामावर परत जावं लागलं आणि बीजींनी तिला मागून घेतलं. "मैं हूँ ना पुत्तर, तू जा." संध्याकाळी स्टेशनवरून मी थेट त्यांच्याकडे जायचे. त्या माझ्यापुढे चहा ठेवायच्या, पोळ्या लाटायला घ्यायच्या, आणि मी ईराला मांडीवर घेऊन आईला फोन लावायचे. आई तिकडे माझ्यासाठी जागी असायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठून बोलतेस?" मी म्हणायचे, "घरून." शेजारी आहे म्हटलं असतं तर आणखी वीस प्रश्न आले असते.

मग सगळं बोलून व्हायचं. समीरशी झालेलं भांडण, सासूबाईंचा टोमणा, परत यावं की नाही. बीजी आमच्याकडे पाठ करून पोळ्या भाजत असायच्या. एकदा आईने विचारलं, पोर कोणाकडे ठेवतेस? मी म्हणाले, "नाइलाज आहे गं. नर्सरीत जागा मिळाली की काढून घेणार. कितीही केलं तरी परकी बाई." बीजींनी माझ्या ताटात गरम पोळी टाकली, वर तूप.

नर्सरीत जागा मिळाली आणि दोन महिने मला ते त्यांना सांगवेना. एका शुक्रवारी गेले तर ईराची बाटली, गोधडी, लाकडी बदक सगळं पिशवीत भरून दाराशी ठेवलेलं. "सोमवार से नर्सरी है ना? अच्छा है, बच्चों में खेलेगी." यांना कसं कळलं? समीरने सांगितलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. त्याला विचारलं नाही. पुढे ईराला नर्सरीतून, मग शाळेतून बीजीच घरी आणायच्या. माझा चहाही चालू राहिला, फोनही.

तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी सकाळी, त्यांनी ईराच्या जॅकेटची चेन लावली आणि तिला शाळेत सोडलं. दुपारी त्यांच्या मुलाचा, जसपालचा, मला ऑफिसात फोन आला. बीजी बॅक गार्डनमध्ये कपडे वाळत घालताना कोसळल्या होत्या. मी "ओके, थँक यू" म्हणून फोन ठेवला आणि अर्धी राहिलेली ईमेल पूर्ण करून पाठवली. त्या ईमेलमध्ये एकही चूक नव्हती. नंतर तपासून पाहिली.

भोगाच्या दिवशी, बीजींच्या मागे ठेवलेला ग्रंथसाहिबांचा पाठ संपून गुरुद्वाऱ्यातून सगळे घरी आले, तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात कप विसळत होते. जसपाल फोन घेऊन आला. "मासीजी हैं, मम की सिस्टर, नांदेड से. आपसे ही बात करनी है, बोल रही हैं. डोंट नो व्हाय."

"नांदेड से?"

"हाँ, मम वहीं की थीं. यू डिडन्ट नो?"

सहा वर्षांत मी विचारलं नव्हतं.

फोनच्या पडद्यावर बीजींचंच नाक, बीजींचीच पांढरी चुन्नी. आणि त्या चेहऱ्यातून मराठी आली.

"तूच का माय ती पुण्याची? जेवलीस का?"

मी नळ बंद केला. मी विचारलं, "बीजींना मराठी येत होती?"

"येत होती म्हणजे? चौथीपर्यंत मराठी शाळेत होतो आम्ही दोघी. सासरचे जालंधरचे. दखनी, दखनी म्हणून हिणवायचे तिला. मग तिने तोंडच बंद केलं. पोरालासुद्धा सांगितलं नाही."

"पण मला तरी..."

"तुला सांगितलं असतं तर तू तिच्यापुढे बोलली असतीस का माय? रोज मला तुझी सगळी बातमी असायची. तुझी सासू काय बोलली तेसुद्धा." त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

मला एकच विचारायचं होतं आणि विचारायची भीती वाटत होती. शेवटी म्हणाले, "मी त्यांना एकदा परकी म्हणाले होते."

"हो, सांगितलं की. म्हणाली, इतक्या वर्षांनी कुणीतरी मला आपल्या भाषेत नावं ठेवली. दोन दिवस जेवली नाही नीट. खोटं कशाला बोलू?" त्यांनी चुन्नीने नाक पुसलं. "पण हेही म्हणाली, की पोरगी माझ्या स्वयंपाकघरात बसते आणि आईला रोज सांगते, घरी आहे म्हणून."

जसपाल दारात उभा होता. त्याला एक शब्द कळत नव्हता. आपल्या आईची भाषा तो पहिल्यांदाच ऐकत होता.

आता ट्रेनमध्ये समीर मराठीत काही बोलायला लागला की मी आधी समोरच्या म्हातारीकडे बघते. संध्याकाळी स्टेशनवरून सरळ माझ्या दाराशी येते. काल बऱ्याच दिवसांनी आईला फोन लावला, माझ्या टेबलावरून, माझ्या चहाबरोबर. भिंतीपलीकडे सामसूम होती.

"कुठून बोलतेस?" आईने विचारलं.

मला सांगता येईना.