गोदामाला चूलबंद

श्रावणभाऊंना गावात दोन कामं होती. सकाळी मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी क्रेट बांधून आपल्या मळ्यातली वांगी-मेथी विकायची, आणि कुणाकडे कार्य निघालं की दारोदार जेवणाचं आवतन द्यायचं. पहिल्या कामावर घर चालायचं, दुसऱ्यावर श्रावणभाऊ.

बाळापूरच्या अलीकडच्या त्या गावात आवतन दोन तऱ्हांचं असे. एक ‘घरटी एक’, म्हणजे घरातल्या एकानं जेवून यायचं. दुसरं ‘चूलबंद’. म्हणजे म्हातारी, पाळण्यातलं लेकरू, मुक्कामाला आलेला जावई, सगळ्यांनी यायचं, आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. श्रावणभाऊंनी दारात उभं राहून शब्द उच्चारला की यजमानालाही तो मागे घेता येत नसे. त्या बदल्यात त्यांना एक मान होता. आवतन देणारा शेवटच्या पंगतीबरोबर जेवायचा, आणि तो जेवल्याशिवाय यजमानाला पाटावर बसता यायचं नाही.

यंदा भगवंतरावांकडे नातवाचं जावळ निघालं. त्यांचा पुतण्या विपुल म्हणाला, “काका, ग्रुपवर टाकून देतो. एका मिनिटात साऱ्या गावाले आवतन.”

“तुह्या ग्रुपले चूल दिसते का?” श्रावणभाऊंनी विचारलं, आणि तो विषय तिथेच संपला.

“साऱ्या गावाले चूलबंद दे,” भगवंतराव म्हणाले.

“अन् गोदामातल्यायले?”

भगवंतरावांनी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. लवकरच जाणाऱ्या त्या केसांकडे पाहत ते म्हणाले, “त्यायले घरटी एक. ते काही गावचे नाईत, कामाचे हायेत.”

गावाबाहेरच्या जिनिंगच्या जुन्या गोदामात बिहारहून आलेलं एक खटलं राहत होतं. रामसेवक, त्याची बायको फुलमती, त्याचे भाऊ, भावजया, लेकरं, आणि सगळ्यांची मिळून एक चूल. कापसाच्या हंगामापुरते म्हणून आले होते. हंगाम सरला, दुसरा आला, तोही सरला. लेकरांची नावं जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, कोंबड्या पाळल्या गेल्या, दाराशी दोडक्याचा वेल चढला, तरी गावाच्या तोंडी ते ‘गोदामवाले’च राहिले. श्रावणभाऊंची मात्र फुलमतीशी रोजची गाठ. एका किडक्या वांग्यावरून ती त्यांना मोटरसायकलसकट परत बोलवायची.

त्या दिवशी आवतन घेऊन जाताना श्रावणभाऊंची चप्पल गोदामाच्या वाटेवर जडच पडली.

“भगवंतराव के यहाँ जावळ है, भाभी. घरटी एक.”

फुलमतीनं पिठाचे हात झटकले. “गाँव में सबको एक?”

खोटं बोलावं असं एक क्षण त्यांच्या मनात आलं. पण आवतनाला आलेल्या तोंडानं खोटं कसं बोलायचं?

“नाई,” ते म्हणाले. “सब को नहीं.”

“ठीक है, भैया,” ती म्हणाली. “एक आएगा.”

आणि एकच आला. लाल चौकटीचा शर्ट घालून मिशाळ रामसेवक पहिल्या पंगतीत बसला, खाली मान घालून रोडगे-वरण जेवला, हात जोडून गेला. दुसऱ्या पंगतीला लाल चौकटीचा शर्ट पुन्हा आला. या वेळी बाह्या बोटांपर्यंत लोंबत होत्या. तिसऱ्या पंगतीला त्याच शर्टाची बटणं पोटावर लागत नव्हती.

वाढता वाढता विपुल थबकला. “श्रावणकाका, हा लाल शर्टवाला किती खाते हो? पोट हाय का पोतं?”

श्रावणभाऊ मांडवाच्या तोंडाशी बसून सगळं पाहत होते. त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. “माणसाले भूक लागते, बाप्पा.”

चौथ्या पंगतीला शर्ट आला तेव्हा त्याला मिशाच नव्हत्या. आता भगवंतरावांच्याही लक्षात आलं.

“श्रावण! तू त्यायले चूलबंद देऊन आला का?”

श्रावणभाऊ उठून उभे राहिले. असा वहीम त्यांच्यावर उभ्या जन्मात कुणी घेतला नव्हता. “देवाशपथ घरटी एक देल्लं. इचारा त्याले.”

बिनमिशांचा शर्ट पत्रावळीवरून नम्रपणे म्हणाला, “एक ही बैठा है, मालिक. पहलावाला घर पहुँचा, तब दूसरा निकला. गिन लीजिए.”

पंगत हसली. एका म्हाताऱ्याला तर वरणाचा ठसकाच लागला. भगवंतरावांना रागवावं की हसावं कळेना, म्हणून ते दोन्हीच्या मधलं एक तोंड करून उभे राहिले.

हसू ऐकून त्यांची बायको, कौशल्याकाकू, आतून आली. तिला सगळं समजायला वेळ लागला नाही.

“म्हंजे माणसं शर्ट बदलू बदलू जेवून राहिले, अन् त्यायच्या बायका-लेकरं घरी? माह्या नातवाच्या जावळाले?” ती नवऱ्याकडे वळली. “तुमाले काही वाटते का हो? श्रावणभाऊ, जा. चूलबंद देऊन या.”

श्रावणभाऊ मोटरसायकलवरून गोदामाशी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती आणि व्हायचं ते झालं होतं. चूल पेटलेली, तवा तापलेला, टोपलीत रोट्या. पेटल्या चुलीपुढे चूलबंद देता येत नाही. गावात तो अपमान समजतात.

तरी त्यांनी दिलं. “भाभी, चूलबंद. सब लोग चलो.”

“अब?” फुलमतीनं मागे न पाहता रोटी उलटली. “अब तो चूल्हा जल गया, भैया. अगले साल देखेंगे.”

तिचा आवाज शांत होता. वांग्यांवरून भांडताना तो कधीच असा नसायचा, म्हणून श्रावणभाऊंना भीती वाटली. मग ते चुलीशेजारी मांडी घालून बसले.

“ठीक. मग मीबी इथंच बसतो.”

“काहे?”

“मी जेवलो नाई, तर तिकडं भगवंतरावले जेवता येत नाई. आमच्यात तसंच हाय. सकाळपासून उपाशी हाय तो. वरून त्याले पित्त.”

बोलता बोलता फोन वाजला. पलीकडून भगवंतराव इतक्या जोरात बोलले की कोंबड्या बाजूला झाल्या. “अबे, कुठं मेला? पोटात आग पडून राहिली!”

“गोदामात हाओ. वहिनी नाई म्हणते.”

मग भगवंतराव पडेल आवाजात म्हणाले, “फोन दे तिले.”

फुलमतीनं फोन पिठाच्या हातानं कानाशी धरला. भगवंतरावांच्या आयुष्यातलं ते पहिलं हिंदी आर्जव असावं. “चुकलं मेरा. आप सब आव. मेरेकू भी भूक लगी है ना, बाई.”

तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिनं तवा उतरवला, लाकडं बाहेर ओढून राखेत विझवली, आणि झालेल्या रोट्या फडक्यात बांधल्या. “इतना आटा फेकूँगी थोड़े,” ती म्हणाली.

बायकांची शेवटची पंगत तिच्या घरानं भरली. लेकरं बुंदीवर तुटून पडली. कौशल्याकाकू स्वतः वाढत होती. पलीकडे श्रावणभाऊंनी पहिला घास घेतला आणि भगवंतराव घाईनं पाटावर बसले. तेवढ्यात फुलमतीचा वांगी परत करतानाचा आवाज मांडवभर ऐकू आला.

“काकी, भाजी में नमक कम है.”

वाढणाऱ्या बायका थबकल्या. पाहुणे असं बोलत नाहीत. असं फक्त गावातल्या बायका बोलतात.

“कमी?” कौशल्याकाकूनं कमरेवर हात ठेवला. “तुह्याच जिभेले चव नाई! साऱ्या गावानं चाटूनपुसून खाल्ली!”

“तो सारा गाँव झूठ बोला,” फुलमती म्हणाली, आणि मिठासाठी हात पुढे केला.