मॅटवर माती नव्हती

बायकोला एवढंच ठाऊक आहे, की भिंतीवरचा तो फोटो मी कधी पुसत नाही. आळशी म्हणते मला. का पुसत नाही, ते तिलाही सांगितलेलं नाही — कुणालाच नाही. तुम्हाला सांगून बघतो. जमलं तर जमलं.

फोटोत मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. तोंड गुलालानं माखलेलं, गळ्यात हार, पोरांनी खांद्यावर घेतलंय. फलटणजवळचं आमचं गाव, तिथल्या कबड्डी संघाचा मी चढाईचा गडी. फौजेत सतरा वर्षं काढली, तिथंही खेळलो, आणि पेन्शनवर घरी आलो तेव्हा उजव्या गुडघ्यानं रामराम केलेला. मग काय, मॅच असली की रेषेबाहेर बसायचो. म्हातारा बैल दावणीलाच बरा, असं लोक म्हणायचे. चेष्टाच ती. पण लागायची हो.

त्या फोटोच्याच हंगामात आमचे दोन गडी जायबंदी झाले आणि संघानं मला नावापुरता उभा केला. आणि काय सांगू तुम्हाला — पाय परत आले! पाठमोरा वळून मागच्या पायानं कोपऱ्यातल्या गड्याला शिवायची माझी जुनी खोड, ती तशीच्या तशी परत आली. पहाटे उसाच्या पाणंदीनं पळायचो तर बांधावरची माणसं हाक मारायची, इलासराव, आज किती गडी मारणार? लय गोड दिवस होते. अजून आठवले की एकटाच हसतो मी.

फायनल सांगलीत, विश्रामबागला. आणि समोरच्या संघात भूपाल.

भूपाल माझ्याच वयाचा. मिरजेकडचा जैन शेतकरी, द्राक्षबागवाला. मिसरूड फुटायच्या आधीपासून आम्ही एकमेकांविरुद्ध खेळलो. त्याच्या हातात घोटा सापडला की सुटका नाही, आणि मॅच संपली की हाच माणूस घरच्या भडंगाची पिशवी माझ्या हातात कोंबणार. ते त्याचं शेवटचं वर्ष होतं. इतकी वर्षं खेळून तो चषक त्याच्या हाताला कधी लागला नव्हता. मला हे माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत एका दमात जायचं आणि त्याच दमात मधल्या रेषेला परत यायचं. दम तुटला की गडी बाद. गलक्यात पंचाला ऐकू आलं नाही, तर आमच्याकडं तो चढाईवाल्यालाच विचारायचा. गड्यानं वाकून चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि खरं ते सांगायचं. पोरवयात मी स्वतः दोनदा माती लावून ‘न्हवता’ म्हणालोय, आणि मान खाली न घालता बाहेर गेलोय.

फायनलला गुण बरोबरीत. शेवटची चढाई माझी. भूपालनं घोटा धरला — अगदी तसाच, जुना. मी पडलो, रेषा हातभर लांब, गुडघ्यातून कळ गेली आणि...

हं. मनातल्या मनात सांगतानाही इथंच अडतं नेहमी.

पंच जुना माणूस. गलका थांबवून माझ्याजवळ आला. “इलासराव, तुमी सांगा. दम व्हता?”

मी वाकलो. बोटांना लागलं निळं रबर. कारण फायनल मॅटवर होती. आणि त्याच घटकेला मनात आलं, ही माती कुठाय? रबराची कसली शपथ? असा विचार माणसाला सुचतो तरी कसा? मला सुचला. रिकामी बोटं कपाळाला लावली आणि म्हणालो, “व्हता.”

भूपाल अजून मॅटवर बसलेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग उठला, पंचाला म्हणाला, “इलास म्हणतोय तर व्हता असंल,” आणि बाहेर गेला.

त्याच्या गावात पुढं काय झालं, ते मला महिन्याभरात कळलं. भूपालनं माझा घोटा सोडलेला सगळ्यांनी पाहिला होता. दोस्तासाठी मॅच सोडली, असं त्याच्या तोंडावर म्हणाले लोक. गावातल्या पोरांना पकड शिकवायचा, तेही बंद झालं. एका शब्दानं मी ते सगळं थांबवू शकत होतो. त्या महिन्यात माझे तीन गावांत सत्कार झाले. तिन्ही घेतले.

मागल्या वर्षी पोरीच्या लग्नाला तो आला. हातात भडंगाची पिशवी. शेजारी बसला, आणि हळूच विचारलं, “गुडघा बरा हाय न्हवं?”

“बरा हाय,” मी म्हणालो. पिशवी घेतली.

माझा दम तुटला होता. भूपालनं तो ऐकला, आणि दुखऱ्या गुडघ्याचा गडी उगाच पिरगाळू नये म्हणून घोटा सोडला. दम तुटलेला मीही ऐकला होता. त्याचा हात सुटल्यावर मी पुन्हा ‘कबड्डी’ म्हणालो आणि रेषेला हात लावला.