चार बोटांची स्प्रिंग आणि दादाचं बेडं

कणकवलीच्या डेपोत सकाळची मालवण गाडी पकडली तेव्हा माझ्या एका खांद्याला पिशवी होती आणि दुसऱ्या खांद्यात सायकलचा टायर. साठी उलटलेली बाई टायर घेऊन कुठे निघाली, हे कंडक्टरने विचारलं, शेजारी पाटी घेऊन बसलेल्या मासेवालीने विचारलं, आणि मागच्या सीटवरून कोणीतरी पंक्चर खंय झाला म्हणून विचारून हसून घेतलं. सगळ्यांना मी एकच सांगितलं, माझ्या भाच्याला विचारा.

भाचा म्हणजे मोठ्या भावाचा मुलगा, अवी. बरीच वर्षं बोटीवर नोकरीला होता. परदेशात कुठल्याशा डोंगरावरून लोक सायकलींनी खाली येतात आणि त्याचे पैसे देतात, हे बघून आला. नोकरी सोडली आणि माझ्या माहेरच्या सड्यापासून (डोंगरावरचं कातळाचं सपाट रान) घरापर्यंतच्या काजूच्या उतारात वळणावळणाचा रस्ता खणला. त्यात तीन काजू तोडले. ते दादाने स्वतःच्या हातांनी लावलेले. त्या दिवसापासून दादा मुलाशी बोलत नाही. नुसता बोलत नाही एवढंच असतं तर चाललं असतं. रस्ता जिथे संपतो तिथे त्याने आडवा गडगा (दगडावर दगड रचून केलेली भिंत) घातला, आणि येण्याजाण्यापुरती जागा ठेवून तिला बेडं (काढता-घालता येणारे आडवे बांबू) लावलं. आता वाऱ्यासारखी खाली आलेली सायकल त्या बांबूंपुढे थांबणार कशी?

गोव्याहून पहिलं गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. वहिनीने सड्यावर चढून, जिथे मोबाइलला रेंज मिळते तिथे उभं राहून मला फोन केला. "वन्सानू, तुमी येवन सांगा त्यांका. माझो अवी परत बोटीर गेलो तर माका ह्या घरात करमाचा नाय."

म्हणून मी निघाले, अवीने मागवलेला टायर घेऊन. फाट्यावर न्यायला येतो म्हणालेला अवी आला नव्हता. टायर घेऊन मीच चालत उतरले.

दुपारी वहिनीने पेज वाढली, सोबत सुक्या बांगड्याची किसमूर आणि लोणचं. पेज इतकी सुरेख होती की मी भांडण विसरायला तयार होते, पण हे दोघे विसरू देतील तर ना. समोरासमोर बसून दोघेही माझ्या तोंडाकडे बघत बोलत होते.

"तुझ्या भाच्याक सांग, ढोरां शिरतत म्हणान बेडां घातलंय."

"आत्ये, बाबांका सांग, ढोरां रस्त्यान येयत नाय."

"मी काय पोस्ट आसंय?" मी म्हटलं. "दादा, पोरगो जातलो हां परत."

दादा हात धुवायला उठला. "तू एकदा त्या रस्त्यान खाली ये. मगे माका शिकव."

मसाल्याच्या पिशव्या पोचवायला मी कणकवलीत अजून सायकल फिरवते, हे दादाला माहीत आहे, म्हणूनच तो असं बोलला. मला राग आला. म्हटलं, येते.

सड्यावर गेल्यावर अवीने सायकल दाखवली. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग होती.

"किती दबता ही?"

"चार बोटां."

"आणि तुझ्या वाटेतले दगड?"

"ते वीतभर. उरलेला ढोपरांनी घेवचा, आत्ये. उबी रव, ढोपरां ढिली सोड आणि ब्रेक एकदम दाबा नको. गडग्याच्या वर आंबो आसा, थंय थांब."

हेल्मेट अंबाड्यावर बसेना. शेवटी अंबाडा सोडून केस मानेवर बांधले, साडीखाली त्याची पँट चढवली, आणि ह्या वयात हे काय म्हणत मी निघाले.

स्प्रिंगची चार बोटं पहिल्याच कातळाला संपली. पुढचं सगळं माझ्या मनगटांनी सोसलं. दोन वळणं मी घेतली. तिसरं वळण घेतलं ते सायकलने. खोटं कशाला सांगू, मधल्या मोकळ्या उतारावर खाडी एकदम उघडी झाली, वारा पदरात शिरला, आणि क्षणभर मला फार बरं वाटलं. मग आंबा आला. त्याच्या खालची जमीन दादाची, तिथे त्याने अवीला झाडूसुद्धा मारू दिला नव्हता. वाळक्या पानांचा पातेरा घोट्याएवढा. ब्रेक दाबला, चाकं थांबली, पण सायकल घसरतच राहिली.

खाली दादा माडाच्या झावळ्यांचा झाप विणत बसला होता, मुद्दाम उताराकडे पाठ करून.

"दादा, बेडां," मी ओरडले.

त्याने वळून पाहिलं. गुडघे धरून उठणारा माझा भाऊ, पण त्या वेळी मला त्याचे नुसते हात दिसले. वरचा बांबू निघाला, मधला, खालचा. मी त्यातून गेले आणि गवताच्या उडवीत शिरले.

डोळे उघडले तर अवी धापा टाकत पोचलेला आणि दादा सायकलच्या मागच्या चाकावरून बोट फिरवतोय.

"रे, ह्या गुळगुळीत झाला," दादा अवीकडे बघून म्हणाला. "तिना इतक्या लांबसून टायर आणल्यान, तो घातलंस नाय कित्याक?"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी पळी घेऊन जागच्या जागी थांबली.

"फाल्यां घालतलंय होतंय," अवी म्हणाला.

"आत्ता घाल. आणि पातेरो काढ हंयचो."

मला लागलं का, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा मला फाट्यापर्यंत पोचवायला निघाला. बांबू अजून गडग्याला टेकलेले. लहानपणी बेडं उघडं राहिलं म्हणून ह्याच दादाने मला शाळेच्या अर्ध्या वाटेतून परत पाठवलं आहे. सवयीने माझा हात पुढे गेला, पण मनगट सुजलं होतं.

"दादा, बेडां उघडां रवलां. गाय चवळीत शिरली बघ."

"आसांदे," तो मागे न बघता म्हणाला. "गाडी चुकात तुजी."

गाडीत चढले ती अवीने पिशवीला बांधून दिलेला जुना टायर घेऊन, मापासाठी दुकानात दाखवायला. जे सांगायला गेले त्यातलं धड काही सांगितलं नाही, साडी फाटली, आठवडाभर मसाला कांडता येणार नाही, आणि वर हे ओझं. कंडक्टर कालचाच निघाला.

"आजये, टायर परत इलो?"

"परत खंय रे," मी म्हटलं. "हो जुनो. नवो थंयच रवलो."