प्रोजेक्टर तापायच्या आधी

तापलेल्या प्रोजेक्टरमधून जळक्या धुळीचा वास आला की मला परळच्या बी.एड. कॉलेजातला तो सरावपाठ आठवतो. मी तिथे शिपाई, सातवीत शाळा सोडलेला, जतहून आलेला. पाठाला विद्यार्थी कमी पडले की गुण देणाऱ्या मॅडम मलाच बाकावर बसवायच्या, आणि नोकरीच्या धास्तीने मी प्रत्येक वाक्याला मान डोलवायचो.

त्या दिवशी बी.एड. करणाऱ्या, डिलाईल रोडच्या सावंतबाई ग्रहण शिकवणार होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि मी मान डोलावली.

"कळलं का, साळुंखे?" मॅडमनी विचारलं.

"सगळं कळलं, मॅडम."

"अहो, प्रोजेक्टर अजून तापतोय. तिने तोंडही उघडलेलं नाही."

वर्ग खिदळला. सावंतबाई रडवेल्या झाल्या. "दादा, खरं बोला ना. माझा पाठ फेल जाईल."

मी भीत भीत हात वर केला. "एवढासा चंद्र एवढ्या मोठ्या सूर्याला झाकतो कसा?"

त्यांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं. मग मला एक डोळा मिटायला लावून दुसऱ्यासमोर बाटलीचं झाकण धरलं. भिंतीवरचा दिवा गायब झाला. या वेळी मला खरंच कळलं.

सावंतबाई पास झाल्या. मॅडम मला म्हणाल्या, "उद्यापासून रोज बसायचं." आज ते उपकार वाटतात. तेव्हा मात्र घाबरून मी गावी आईला फोन केला, "नोकरी टिकली गं, पण मला परत शाळेत घातलंय."