वाफेवरची फौज

बुऱ्हाणपूरला मी आले ती दोन सुटकेसा आणि एक तीनपुडी डबा घेऊन. डब्यात खायचं काही नव्हतं. तिन्ही पुडांत कापूस अंथरून त्यावर नऊ माणसं निजवली होती, प्रत्येक माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं. स्टेशनवर सासरे घ्यायला आले होते. त्यांनी सुटकेसा उचलल्या, डबा माझ्या हातात राहू दिला. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "जेवण आणायची जरूरत नव्हती बेटा. घरी केलंय मी." मी नुसतं "हो" म्हटलं. पहिल्याच दिवशी काय सांगणार होते?

ती माणसं एका खेळातली होती. पुण्यात लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकानं आम्हा दोघांना तो शिकवला. टेबलावर खोक्यांची, पुठ्ठ्यांची एखादी गल्ली उभी करायची, दोन्ही बाजूंना पाच-दहा शिपायांच्या लहानशा तुकड्या ठेवायच्या, टेपनं इंच मोजून त्यांना चालवायचं आणि फासे टाकून ठरवायचं कोण पडलं, कोण वाचलं. आमचा खेळ स्टीमपंक जातीचा होता. म्हणजे विजेचा शोध जणू लागलाच नाही, सगळं जग वाफेवर चालतं असं धरून रचलेला. शिपायांच्या डोळ्यांवर गोल गॉगल, हात तांब्याचे, पाठीवर धुराडी. माझ्या तुकडीत दोन पायांवर चालणारं एक यंत्रही होतं, पाठीवर बॉयलर असलेलं. सुटे भाग मागवायचे, कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. एकेका माणसाला आठवडा जायचा. शनिवारी नवरा आणि मी समोरासमोर बसून खेळायचो, आणि तो हरला की चहा करायचा.

मग त्याला परदेशात काम मिळालं, वर्षभराचं. त्याच्या थोडं आधी सासूबाई गेल्या होत्या आणि सासरे घरात एकटे होते. वर्षभर मी त्यांच्याजवळ राहावं असं ठरलं. ठरवलं आम्ही दोघांनी मिळूनच, त्यात कुणाची जबरदस्ती नव्हती. हे मी अजूनही स्वतःला सांगते.

घर शनवारा भागातल्या एका गल्लीत होतं. शेजारी पाजारी पॉवरलूम. सकाळपासून त्यांचा खडखडाट भिंतीतून यायचा, आणि वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची. मला एका शाळेत गणित शिकवायचं काम मिळालं. दीड वाजता मी घरी यायची. पुढची सगळी दुपार माझी.

सासरे वाईट नव्हते. पण बोलायचे फार कमी. सकाळी स्वतःचा चहा स्वतः करायचे, अकराला जेवायचे, ताट स्वतः धुवायचे, मग ओट्यावर पेपर. संध्याकाळी सातला पुन्हा जेवण. "भाजी चांगली झाली" एवढं आठवड्यातून एकदा. मी या घरात आल्यामुळे त्यांचं काही अडतही नव्हतं आणि सुधारतही नव्हतं. गल्लीतल्या बायका प्रेमानं बोलायच्या, पण त्यांच्या बोलण्यात मराठीतून हिंदी, हिंदीतून खानदेशी अशी उडी असायची आणि मी पोचेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

पहिले चार महिने मी आणि नवरा फोनवरून खेळलो. दोघांनी आपापल्या टेबलावर सारखीच गल्ली मांडायची, त्यानं चाल सांगायची, मी त्याचे शिपाई म्हणून ठेवलेली बटणं तेवढे इंच सरकवायची. रविवारी दुपारी. आधी तीन तास चालायचं, मग दीड तास. मग तो म्हणायला लागला, "आज दमलोय गं." एका रविवारी मी टेबल मांडून बसले होते तर म्हणाला, "तू दोन्ही बाजूंनी खेळून बघ ना. तुझा सरावही होईल."

मी खरंच तसं केलं. आणि बटणांशी किती दिवस लढणार, म्हणून दुसरी फौज बनवायला घेतली. इथं कुरियरला फार दिवस लागायचे, म्हणून मिळेल त्यातून. शिपायांच्या पायाखाली लूमच्या सुट्या भागांच्या दुकानातले वायसर. सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या सुयांची टोपणं म्हणजे धुराडी. धुरासाठी सरकीतून काढलेला कापूस, काजळी लावून करडा केलेला. अंग मातीचं, एम-सीलचं, टाचणीच्या टोकानं कोरलेलं. पावसाळा संपेपर्यंत सात जण उभे राहिले.

पण दोन्ही बाजूंनी खेळण्यात एक अडचण असते. भिंतीआड कोण दबा धरून बसलंय हे दोन्हीकडच्या शिपायांना ठाऊक असतं. कुणी कुणाला चकवू शकत नाही. मी खुर्ची बदलून पलीकडे जाऊन बसायची, तिथून टेबल वेगळं दिसायचं, पण पलीकडेही मीच असायची. एकदा असा डाव चालू असताना माझ्या लक्षात आलं की शाळा सुटल्यापासून मी कुणाशी एक शब्दही बोललेली नाही. फासे टाकताना मी आकडा मोठ्यानं म्हणत होते, तेवढाच काय तो माझा आवाज.

दिवाळीनंतरची गोष्ट. शाळेतून आले तर टेबलावरचं यंत्र जागेवर नव्हतं. सासरे ते हातात घेऊन खिडकीशी उभे होते. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. ते म्हणाले, "याच्यात पाणी कुठून भरतात?"

"कशात, बाबा?"

"बॉयलरमध्ये. भट्टी दिसते, धुराडं दिसतं. पाण्याची वाटच नाही. आणि सेफ्टी वाल कुठे आहे? हे चाललं तर दहा कदमांत उडेल, आणि चालवणाऱ्याला घेऊन उडेल."

सासरे एकतीस वर्षं कापड गिरणीच्या बॉयलरवर फायरमन होते. हे मला माहीत होतं, पण ओळखपत्रावरची माहिती असावी तसं. त्या दिवशी ते टेबलाशी बसले आणि बोटानं लाकडावर रेघा ओढत त्यांनी मला बॉयलर समजावून सांगितला. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, ती का कधी नजरेआड होऊ द्यायची नाही, भाप किती चढली की वाल आपोआप सुटतो. भाप हा त्यांचाच शब्द, वाफ असं ते कधी म्हणाले नाहीत. मी आल्यापासून बोलले नव्हते इतकं त्या तासाभरात बोलले. मी यंत्राला टोपणाच्या तुकड्याचा वाल बसवला, बॉलपेनच्या रिकाम्या कांडीची नळी लावली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "आता चालेल."

चार दिवसांनी जेवताना त्यांनी विचारलं, "माणसं कोणतीही बनवता येतात का?"

त्यांना त्यांच्या पाळीतली माणसं हवी होती. सहा जण आणि ते स्वतः. कोळशाच्या फावड्यावरचे दोघे, राख ओढणारा एक, तेलवाला एक, पंपावरचा एक, आणि एक म्हातारा, जो काही करायचा नाही पण नुसत्या आवाजावरून बॉयलरचं दुखणं ओळखायचा. मी विचारलं, त्यांच्या हातात बंदुका देऊ? ते म्हणाले, "त्यांना कशाला पाहिजे? फावडं दे." मी एकेक बनवत गेले आणि ते चुका काढत गेले. हा इतका जाड नव्हता. याच्या गळ्यात ओला गमछा असायचा. हा डावखुरा होता, फावडं फिरव. रंगवताना ते त्या माणसाबद्दल सांगायचे. कोण जसोंडीहून सायकलनं यायचा, कुणाच्या डब्यात रोज वांग्याचं भरीत असायचं. सहांपैकी चौघे आता नव्हते.

त्यांच्या फौजेसाठी मी नवे नियम लिहिले आणि आम्ही खेळायला लागलो. दुपारी तीन ते पाच. ते फार चिवट आणि फार वाईट खेळायचे. सगळी माणसं बॉयलरभोवती उभी करायचे आणि तिथून एक इंच हलवायचे नाहीत. डाव जिंकायला टेबलाच्या मधल्या चौकावर ताबा मिळवावा लागतो, तो मी दर वेळी आरामात घ्यायची. मी एकदा म्हटलं, "बाबा, दोघांना तरी पुढे पाठवा. असे तुम्ही कधीच जिंकणार नाही."

"बॉयलर सोडून जाता येत नाही," ते म्हणाले. फासे हातात घोळवत पुढे बोलले. "तुझ्या नवऱ्याचा जन्म झाला ना, तेव्हा सकाळीच निरोप आला होता. बदली माणूस आला नव्हता. मी थांबलो. दुसरी पाळी पण केली. दुसऱ्या दिवशी पोराचं तोंड पाहिलं. तुझी सासू काही बोलली नाही. त्यानंतरही कधी बोलली नाही त्याबद्दल." त्यांनी फासे टाकले. "बोलली असती तर बरं झालं असतं."

मी आकडा पाहिला आणि माझा शिपाई उचलून बाजूला ठेवला.

उन्हाळ्यात नवरा वीस दिवसांच्या रजेवर आला. वर्ष संपलं होतं, पण कंपनीनं आणखी दोन वर्षं वाढवली होती आणि त्यानं होकार कळवून टाकला होता. हे त्यानं आल्याच्या तिसऱ्या दिवशी सांगितलं. मी विचारलं, "तुझी फौज आणलीस का? इथं खेळू." तो म्हणाला, "ती एका सहकाऱ्याला देऊन टाकली गं. पडूनच होती." ती निम्मी मी रंगवलेली होती. मी काही बोलले नाही, आणि बोलले नाही हे माझं मलाच लागलं.

एका दुपारी सासऱ्यांनी आपणहून त्याला टेबलाशी बोलावलं. नवऱ्यानं माझे शिपाई घेतले. भराभर खेळला, चांगलं खेळला. बापाची माणसं जागची हलेनात तेव्हा हसत म्हणाला, "बाबा, पुढे या ना. असं नाही खेळत."

"मी असाच खेळतो," सासरे म्हणाले.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत ओट्यावर गेला. आम्ही थांबलो. सासऱ्यांची चाल झालेली होती, हात मांडीवर. लूम चालू होते. पाऊण तासानं तो आत आला, टेबलाकडे न बघता आंघोळीला गेला. संध्याकाळी जेवणासाठी टेबल रिकामं करायला लागलं. सासऱ्यांनी त्यांची सातही माणसं स्वतः उचलून डब्यात ठेवली.

जायच्या आदल्या दिवशी नवरा म्हणाला, "तू पण चल. बाबांसाठी कुणीतरी बाई ठेवू." सासरे आतून म्हणाले, "तिला जायचं तर जाऊ दे. मला बाई नको." मी गेले नाही. लोकांनी त्याला सेवा म्हटलं. पण सेवा करायची म्हणून मी थांबले नव्हते. त्या परदेशातल्या खोलीत माझं टेबल कुठे मांडणार हे मला दिसत नव्हतं, आणि इथं दुपारी तीन वाजता एक माणूस चष्मा पुसून बसलेला असायचा.

पुढे दोन वर्षं आम्ही खेळलो. शेवटी शेवटी साखरेनं त्यांचे डोळे गेले. मी त्यांना पटाची स्थिती सांगायची, ते बोटानं चाचपून माणूस ओळखायचे. एका हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत ते गेले. नवरा आला, तेराव्यापर्यंत राहिला. मी आणि तो ओट्यावर बसून शांतपणे बोललो आणि वेगळं व्हायचं ठरवलं. भांडण झालं असतं तर निदान आवाज झाला असता. घर विकायचं निघालं. सामानातून तुला काय हवं ते घे म्हणाला. मी डबा घेतला.

पुण्याला परत यावं असं माहेरचे म्हणाले. पण शाळा इथं होती, आणि का कोण जाणे, मला इथला तो खडखडाट नसलेली दुपार नको वाटायला लागली होती. मी गावातच लालबागेकडे वरच्या मजल्यावरची एक खोली घेतली. फार महिने डबा उघडला नाही.

मग इंटरनेटवरच्या या खेळाच्या एका चर्चागटात मी विचारलं, या बाजूला कुणी आहे का. तीन महिन्यांनी एक उत्तर आलं. भुसावळला बँकेत काम करणारी एक बाई, माझ्याहून थोडी मोठी, आजवर फक्त व्हिडिओ पाहिलेले, कुणाशी खेळलेली नाही. महिन्यातल्या एका रविवारी ती सकाळच्या गाडीनं येते. येताना तिनं बनवलेले पाच शिपाई चष्म्याच्या घरात घालून आणते. त्यांचे रंग फार भडक आहेत. खेळताना ती सतत बोलते, नियम विसरते, आणि विचार न करता सगळ्यांना एकदम पुढे धाडते. मागच्या वेळी तिनं मला हरवलं. मी सांगितल्यावरच तिला ते कळलं.

संध्याकाळी मी तिला स्टेशनवर सोडायला जाते. गाडी बहुधा उशिरा असते. आम्ही बाकावर बसतो आणि पुढच्या खेपेला गल्ली कशी मांडायची ते ती माझ्या वहीत काढून दाखवते.