चालत जायला जागा

साताऱ्यात शहराच्या विकास आराखड्यावर सुनावणी होती. आम्ही बहुतेक जण आपापल्या प्लॉटसाठी आलो होतो. एक निवृत्त फौजी मात्र ताठ उभे राहून म्हणाले, "हायवेपलीकडं आमच्या कॉलनीत निस्ती घरं हायेत. दुकानांना परवानगी द्या, बस थांबवा."

"तुमचं दुकान आहे?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई. घर लय मोठं बांधलं, पण मंडळींना चालत जायाला जागाच न्हाई. तिकडं गेल्यापासनं ती एकटी बाहेर पडली न्हाई."

साहेबांनी मागणी लिहून घेतली.

मी बाहेर आलो, तेव्हा ते बाकावरच्या बायकोसमोर उभे होते. तिच्या पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती.

"एकटीच मंडईत गेलतीस?"

"व्हय. हितनं जवळच हाय की."

ते तिच्याशेजारी बसले. घरी जायची घाई दोघांनाही नव्हती.